लॅपटॉप बंद होण्यास विलंब : संयुक्त तपासणी

कोणतीही गोष्ट सुरू करायला नुसता उत्साह पुरतो, बंद करायला मात्र सक्षम अधिकारी लागतो. भाषणे, चौकशी समित्या आणि निघता निघता दारात उभे राहून मारलेल्या गप्पा, यांचा इतिहास तपासून पाहावा. या गोष्टी सुरू कोणीही करतो. त्या आपण बंद केल्या, असे सांगणारा माणूस सहसा सापडत नाही.

झाशीत तो सापडतो. त्यांचे नाव गजाननराव. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि इलाइट चौराह्याच्या मागच्या गल्लीत पत्नी विद्याताईंसह राहतात. नोकरीत त्यांनी एक नियम प्राणापलीकडे जपला : शेवटच्या डब्यामागची खूण डोळ्यांनी दिसल्याखेरीज गाडी पूर्ण आली असे मानायचे नाही. अर्धी गाडी मागे सुटून राहिली असली तर? निवृत्तीनंतर गाड्या राहिल्या नाहीत, पण नियम राहिला, म्हणून तो त्यांनी घराला लावला. दूधवाला गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा झाल्याशिवाय पेपरवाल्याला फाटक उघडत नाही. (पेपरवाला हल्ली पेपर भिरकावतो. गजाननराव याला अपघात म्हणतात.)

अशा घरात जावयाने दिलेला एक लॅपटॉप आला. त्याच्या कडेला एक बारीक पांढरा दिवा आहे. गजाननरावांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले की हीच शेवटच्या डब्याची खूण. दिवा विझल्याखेरीज झाकण मिटायचे नाही, आणि लॅपटॉप जेवणाच्याच टेबलावर असल्यामुळे झाकण मिटल्याखेरीज ताटे मांडायची नाहीत.

दिवा विझेना. माणूस झाशीहून एरचला जाईल, बेतवेत डुबकी मारून कपडे वाळवून परत येईल, पण दिवा आहे तिथेच. बिघाडाचा अभ्यास करता असे आढळले की विलंब रविवारी सर्वांत जास्त असतो, शाळांच्या परीक्षांच्या दिवसांत कमी होतो आणि दिवाळीत लेक घरी आली की अजिबात नसतो. यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही, असा निष्कर्ष गजाननरावांनी काढला.

दरम्यान पडद्यावर एक इंग्रजी सूचना यायची : आत काहीतरी अजून सुरू आहे, ‘शट डाउन एनीवे’ करायचे का? गजाननरावांनी त्यातला शेवटचा शब्द वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. आत काहीतरी आहे हे ठाऊक असून ‘एनीवे’? असल्या ‘एनीवे’नेच गाड्या गाड्यांवर चढतात. त्यांनी ते बटण कधीच दाबले नाही. ते टेबलापाशी हाताची घडी घालून बसत आणि दिव्याकडे पाहत. वरण गार होई.

येथे विद्याताईंची माहिती देणे प्राप्त आहे. त्यांची लेक ऐश्वर्या बंगळूरूला असते, तिची मुलगी इरा दुसरीत आहे. इराला मराठी कळते, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीच्या आडोशाला जाते. (वडील लखनौचे, शाळा इंग्रजी, शेजार कन्नड. मराठीच्या वाट्याला आजीचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल.) त्या कॉलवर विद्याताई तिला रोज घरातला एक जुना शब्द शिकवत. उंबरा झाला, कोनाडा झाला, परात झाली. विद्याताईंच्या दिवसात इतरही कामे होती, पण ती सगळी कॉलच्या आधी उरकून टाकायची कामे होती.

आता पुन्हा बिघाडाकडे. गजाननरावांनी प्रथम इलाइट चौराह्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून अनुपला बोलावले. अनुपने लॅपटॉप उलटा केला, सरळ केला आणि म्हणाला, “अंकल जी, बटन दबा के पकड़े रहो. दस गिनो, अपने आप मर जाएगा.”

“मर जाएगा?” गजाननराव खुर्चीतून उठले. “अनुप जी, हमने पूरी नौकरी में कोई चीज मारके बंद नहीं की.”

“तो फिर नया ले लो,” अनुप म्हणाला. हा सल्ला तो चार्जरपासून लग्नापर्यंत सर्व बाबतींत देतो असे कळते.

तेव्हा संयुक्त तपासणीचा निर्णय झाला. गजाननरावांच्या सांगण्यानुसार पद्धत अशी असते : काही बिघडले की सर्व संबंधित खात्यांचे लोक जमतात, बिघाड पाहतात आणि एका कागदावर सह्या करतात. बिघाड आपल्या खात्याचा नाही, एवढे प्रत्येक जण त्यात लिहितो. (तो आहे कोणाचा, हे लिहायला खाली जागा उरत नाही.) विद्युत खात्यातून निवृत्त झालेले राजाभाऊ त्यासाठी संध्याकाळी, दिवा विझायच्या खोळंब्यातच, मानिक चौकातून कचोऱ्या घेऊन आले. अनुपला पुन्हा बोलावण्यात आले. तपासणीत पुढील बाबी निष्पन्न झाल्या :

विद्युत (राजाभाऊ) : पुरवठा उत्तम. बिघाड आमचा नाही.

सिग्नल (गजाननराव) : दिवा अस्सल आहे, तो खोटे बोलत नाही. बिघाड आमचा नाही.

बाजार (अनुप) : मशीन मी विकलेली नाही. बिघाड आमचा असूच शकत नाही.

विद्याताईंना विचारण्यात आले नाही, कारण त्या समितीसाठी तिसऱ्यांदा चहा टाकत होत्या.

सह्या होणार इतक्यात राजाभाऊंना वाटले की आवाजाची बाजूही बघून घ्यावी. “देखो गजाननराव, एकदा भोंगा चेक करून टाकू, मग कोणी बोट दाखवायला नको.” त्यांनी आवाज वाढवला. लॅपटॉपमधून पेन्सिल घासल्याचा आवाज आला. मग एक मुलगी म्हणाली, “आजोबा, लॅपटॉप को डाँटो मत ना. मी होमवर्क करतेय.”

समितीने कचोऱ्या खाली ठेवल्या.

चौकशीअंती हकीकत अशी निघाली. विद्याताई रोज “येते हं” म्हणत, पण लाल बटण दाबत नसत. कॉलची खिडकी तेवढी खाली सरकवत, आवाज अगदी बारीक करत आणि स्वयंपाकाला लागत. (गजाननरावांचे कान यार्डातल्या इंजिनांनी केव्हाच निकामी केले असल्याने त्यांना पत्ता नव्हता.) पलीकडे ऐश्वर्याही बटण दाबत नसे. इरा तिथेच वही मांडून बसे आणि झाशीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत गणिते सोडवी. मध्येच ती “आजी?” म्हणे, विद्याताई ओट्यापाशी असल्या तरी लॅपटॉपपाशी येऊन “काय गं?” म्हणत, आणि इरा “कुछ नहीं” म्हणे. (विद्याताई दिवा पाहायला येतात, अशी गजाननरावांची समजूत होती.) बंगळूरूत तिचे जेवण झाले, की कधीतरी तिची आई कॉल बंद करी. मग झाशीतला दिवा विझे.

“अगं, पण बटण का नाही दाबायचं?” गजाननरावांनी विचारले.

“पोरगी समोर बसलीय आणि मी तोंडावर दार लावू?” विद्याताई म्हणाल्या. “माणूस वळणाआड जाईपर्यंत आपल्याकडे दार लावतात का कधी?”

“आणि ऐश्वर्या?”

“तिला मीच वाढवलंय.”

म्हणजे दोन्ही घरी दारे उघडी, आणि समोरचा वळणाआड जाण्याची दोन्हीकडे वाट पाहणे चालू. सामान्य माणूस येथे हसला असता आणि कचोरीकडे वळला असता. समिती सामान्य नव्हती. कारण सापडले होते, तेव्हा ते दूर करणे भाग होते. राजाभाऊ म्हणाले, “भाभीजी, बुरा मत मानो, पण नियम म्हणजे नियम.” कॉलला वेळापत्रक लागू झाले. गाडी ठरल्या वेळी येईल, ठरल्या वेळी सुटेल, आणि लाल बटण गजाननराव स्वतः दाबतील. कोणाच्याही तोंडावर दार लावल्याचा दोष विद्याताईंकडे येणार नाही, याचीही समितीने काळजी घेतली. (अहवालातला हा सर्वांत माणुसकीचा भाग आहे.)

दुसऱ्या दिवशी शब्द होता फडताळ. विद्याताईंनी लॅपटॉप फिरवून भिंतीतले फडताळ, त्याच्या दोन फळ्या आणि वरची लोणच्याची बरणी दाखवली. इरा हसत म्हणाली, “आजी, रुको, मी बोलते. फड—”

वेळ झाली होती. गजाननरावांनी लाल बटण दाबले आणि लॅपटॉप बंद केला. दिवा तत्काळ विझला. ते इतके हरखले की त्यांनी राजाभाऊंना फोन करून शुभवार्ता दिली. विद्याताईंनी पुढे होऊन काळ्या पडद्याचे झाकण मिटले. मग त्यांनी ताटे मांडली. जेवण गरम होते, हे येथे नोंदवले पाहिजे.

पुढील प्रगती समाधानकारक आहे. पहिल्या आठवड्यात इरा वेळेआधीच “बाय” म्हणू लागली, म्हणजे मध्येच तुटायला नको. मग ती गणिते दुसऱ्या खोलीत करू लागली. मग तिचा नाचाचा क्लास निघाला. मग ऐश्वर्याचा निरोप येऊ लागला : आई, आज राहू दे, उद्या बोलू. ‘उद्या’ हे स्थानक अद्याप लागलेले नाही. इराने झाशीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकणे बंद केल्यापासून बिघाडाचे प्रमाण शून्यावर आले असून असे यश या विभागात पूर्वी कोणाला मिळाल्याचे आढळत नाही.

राजाभाऊ येतात, चहा घेतात, निघतात. विद्याताई अजूनही ते चौराह्याकडे वळेपर्यंत दारात उभ्या राहतात. “दार लाव, डास येतात,” असे गजाननराव आतून सांगतात.

लॅपटॉप आता फडताळात असतो. (हा शब्द इराला अर्धाच येतो.) कधी संध्याकाळी गजाननराव तो काढतात, सुरू करतात आणि लगेच बंद करून पाहतात. परवा त्यांनी विद्याताईंना हाक मारली. “बघ, आता कशाशी अडत नाही.”

“अडायला आत आहे कोण?” विद्याताई म्हणाल्या आणि फोडणीला वळल्या. गजाननराव बराच वेळ त्या विझलेल्या दिव्याकडे पाहत बसले. नियमानुसार गाडी पूर्ण आलेली होती. मागे काही सुटल्याची नोंद नव्हती.

सदर तपासणीचा लाभ सर्वांना व्हावा म्हणून वाचकांना विनंती की त्यांनी आज आपापला लॅपटॉप किंवा फोन बंद करून पाहावा. रेंगाळला, तर रागावू नये, आत कोणीतरी वही मांडून बसले असेल. पटकन बंद झाला, तर समितीतर्फे आपले अभिनंदन. आपल्याकडे कसलाही बिघाड नाही, आणि आपले जेवण रोज गरमच असते.