न मोडणारा नळ

टेलरमास्तरांच्या दुकानातला नळ पुन्हा बिघडायला हवा होता, आणि तो काही केल्या बिघडत नव्हता.

एरवी मास्तर मोठे बोलघेवडे. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताघेता त्याच्या सासरची सगळी माहिती काढून घेत आणि कुणी दुःखाचं सांगितलं की टेपच्या टोकाने डोळे पुसत. पण प्लंबरबाई आल्या की त्यांची वाचा बसे. बाई कामापुरतंच बोलत. वायसर बदलला की चालू लागत. तेवढ्या दर्शनासाठी मास्तर वायसर कातरीने कुरतडून ठेवत.

काजं-बटणं करणाऱ्या थोरल्या बहिणीला हे ठाऊक होतं. पुरुषासारखा पुरुष तू, सरळ विचारून मोकळा हो, असं ती बजावत असे. मास्तरांचं म्हणणं, विचारायला आधी बाई समोर हव्यात.

पण गेल्या खेपेला बाईंनी नवा पितळी नळ बसवला होता. तो कातरीला दाद देईना. मास्तरांनी पाना लावला, तो घसरला. मग त्यांनी गार इस्त्री उचलून हाणली. नळाला ओरखडाही आला नाही. मागचा पाइप मात्र भिंतीतून निखळला आणि पाण्याची धार थेट पडद्याआड लग्नाचा कोट घालून बघणाऱ्या नवरदेवावर गेली.

मास्तरांनी भोकात अस्तराचा कपडा कोंबला, मग उशी, शेवटी स्वतःची पाठ. बहिणीने फोन लावला.

बाई आल्या. बाहेरचा कॉक बंद केला, जो मास्तरांना आठवलाच नव्हता. मग त्यांनी इस्त्री पाहिली, नळ पाहिला.

"गळत होता?"

"नाही," मास्तर पुटपुटले.

"गळणारच नव्हता. मुद्दाम असला बसवला. म्हटलं, बघू तरी, नळाशिवाय बोलावता का."

मास्तरांनी तोंड उघडलं.

पाइप पुन्हा बसवून बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. "उद्या संध्याकाळी येते. हत्यारं आणणार नाही. चालेल?"

मास्तर तसेच उभे, आ वासून. बहिणीने कपाळावर हात मारला.

शेवटी कोटातून पाणी पिळत नवरदेवच म्हणाला, "हो म्हणून टाका, मास्तर. मलाही आमच्या नवरीनेच विचारलं होतं."