सौजन्याचा रकाना

सकाळी आठ वाजता डेस्मंड थ्वेटनं दवाखान्याला फोन लावला. आठ वाजून एक मिनिटानं यंत्रातल्या बाईनं त्याला कळवलं, की रांगेत त्याचा नंबर तेविसावा आहे आणि त्याचा फोन दवाखान्याला फार मोलाचा वाटतो.

ओकनथॉर्पमधला दवाखाना आठला फोन उचलू लागतो आणि सव्वाआठला त्या दिवसाच्या वेळा संपतात. त्यामुळे आठच्या ठोक्याला अख्खं गाव एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन धरून बसलेलं असतं. डेस्मंडला त्याचं काही वाटत नसे. तो बस कंपनीतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाला होता. रांग ही माणसानं शोधून काढलेली सर्वांत सभ्य गोष्ट आहे असं त्याचं मत होतं, आणि ते तो कुणी न विचारता सांगत असे.

काम साधं होतं. त्याला फ्लूची लस हवी होती. फ्लूची त्याला भीती नव्हती. ओढ होती ती नातीची. मुलगी बेथनीला नुकतंच बाळ झालं होतं, त्याचं नाव ऑटिली ठेवलं होतं, आणि बेथनीनं घरात फर्मान काढलं होतं, की ज्यानं लस घेतली नाही त्यानं बाळाला हात लावायचा नाही. डेस्मंडची बायको ब्रेंडा सदुसष्टची. तिला लस न मागता मिळाली, आणि आता दर रविवारी बाळ तिच्या मांडीवर असे. डेस्मंड दाराच्या चौकटीत उभा राहून लांबून हात हलवायचा.

"जरा जवळ तरी येऊ दे गं," तो म्हणायचा.

"डॅड, नियम म्हणजे नियम. तूच शिकवलंस."

शिकवलं होतं खरं. शाळेत असताना पास घरी विसरली म्हणून त्यानं या पोटच्या पोरीला बसमधून खाली उतरवलं होतं. बाहेर गारा पडत होत्या. बेथनी ते विसरली नव्हती.

अखेर फोन लागला. पलीकडे ग्लेनिस होती. दवाखान्यात तीन डॉक्टर होते म्हणतात, पण गावानं प्रत्यक्ष पाहिलेली एकच व्यक्ती म्हणजे काउंटरवरची ग्लेनिस.

"जन्मतारीख?"

त्यानं सांगितली. टकटक ऐकू आली.

"मार्चअखेर पासष्ट पूर्ण हवीत. तुमची एप्रिलात होतात."

"एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात!"

"हो ना. म्हणजे पुढच्या हंगामात तुम्ही नक्की बसता. अभिनंदन."

"अहो, पण मुळात मी मार्चमधलाच आहे. मी जन्मालाच दहा दिवस उशिरा आलो. आई कायम सांगायची." डेस्मंड आयुष्यात एकदाच कुठेतरी उशिरा पोचला होता, आणि ते आत्ता भोवत होतं.

"उशीर का झाला?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"मग मी तरी काय करणार? नियम मी केलेले नाहीत, मिस्टर थ्वेट."

 हे वाक्य डेस्मंडनं नोकरीत रोज म्हटलं होतं. ऐकायला ते इतकं वाईट वाटतं याची त्याला कल्पना नव्हती.

"दमा?" ग्लेनिसनं पुढे विचारलं. "मधुमेह? हृदयाचं काही? गरोदर?"

"कोण, मी?"

"विचारावं लागतं."

"काही नाही. मी ठणठणीत आहे."

"अरेरे," ग्लेनिस म्हणाली. "बरं, काही झालं तर कळवा."

ब्रेंडानं सगळं ऐकलं होतं. "चाळीस वर्षं उकडलेली गाजरं खाल्लीस आणि टेकडीवर चालायला गेलास," ती म्हणाली. "आता भोग फळं."

मग तो केमिस्टकडे गेला. पदरचे पैसे टाकून लस घ्यायची म्हणजे जन्मभर भरलेल्या कराचा अपमान होता, पण नातीपुढे तत्त्व जरा वाकतं. मिस्टर अदेयेमींनी मान हलवली.

"संपली. विकतची संपली."

"मग त्या फ्रिजमध्ये काय आहे?"

"लस."

"अहो, मग?"

"वरच्या खणात विकतची होती, ती संपली. खालच्या खणातली पात्र माणसांची. ती भरपूर आहे."

"दोन्हींत फरक काय?"

"खण," मिस्टर अदेयेमी म्हणाले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "कुणा म्हाताऱ्या माणसाची देखभाल करता का तुम्ही? देखभाल करणाऱ्यांना वयाची अट नाही. दवाखान्यात तशी नोंद मात्र हवी."

डेस्मंड घरी आला तो फुलून. "ब्रेंडा, मी तुझी देखभाल करतो."

"तू? माझी?" ब्रेंडानं विणकाम खाली ठेवलं. "घरात साखर कुठे असते ते सांग."

डेस्मंडनं स्वयंपाकघराच्या दिशेला मोघम हात केला. तो विषय तिथेच मिटला.

उरल्या शेजारच्या मिसेस ग्रीनहॅल्श. वय त्र्याऐंशी, नवरा कधीच गेलेला, सोबतीला नेल्सन नावाचा चावरा कुत्रा. कागदावर याहून योग्य म्हातारी सापडली नसती. डेस्मंड गेला तेव्हा त्या शिडीवर चढून पन्हाळीतली पानं काढत होत्या.

"माझी देखभाल?" त्यांनी वरूनच विचारलं. "मागच्या महिन्यात तुझी पन्हाळी कुणी साफ केली, डेस्मंड?"

"तुम्हीच, मिसेस ग्रीनहॅल्श. पण दवाखान्यात फक्त तसं सांगायचं आहे. नुसतं सांगायचं."

"मी मेथडिस्ट चर्चची आहे. खोटं बोलणार नाही." त्या दोन पायऱ्या खाली आल्या आणि विचारात पडल्या. "खरं असेल तर मात्र सांगेन. देखभाल करायची तर खरी कर."

दुसऱ्या दिवसापासून डेस्मंड नेल्सनला फिरवू लागला. नेल्सन त्याला फिरवू लागला म्हणणं जास्त बरोबर होईल. मग कचऱ्याचे डबे आले, मग हिरवळ, मग मंगळवारी मेथडिस्ट बायकांच्या चहाला गाडीनं ने-आण, आणि तिथे उरलेल्या खुर्च्या रचणं. देखभालीची सवय लागताच मिसेस ग्रीनहॅल्श झपाट्यानं दुबळ्या झाल्या. पूर्वी कोळशाची बादली उचलणाऱ्या बाईंना आता चहाचा कप सिंकपर्यंत जड वाटू लागला.

तरी त्या शब्दाला जागल्या. त्यांनी आठ वाजता फोन लावला आणि थरथरत्या आवाजात सांगितलं, की हल्ली आपल्याच्यानं होत नाही, शेजारचा मुलगा सगळं बघतो. मुलगा म्हणजे डेस्मंड. याचा परिणाम म्हणून दवाखान्यातून एक बाई येऊन त्यांची शिडी बघून गेली आणि दोन दिवसांनी माणसं येऊन संडासात पकडायचा दांडा ठोकून गेली. मिसेस ग्रीनहॅल्श संतापल्या. "माझ्या संडासात दांडा! तुझ्यापायी!" त्याची भरपाई म्हणून डेस्मंडनं मागचं कुंपण रंगवलं.

कुंपणाचा दुसरा हात चालू असताना फोन वाजला. आपण पात्र आहात, असा मेसेज होता. शनिवारी सकाळी साडेदहा, चर्चचा हॉल. डेस्मंडनं ब्रश हातात धरूनच ब्रेंडाला मिठी मारली. तो रंग तिच्या कार्डिगनवर अजून आहे.

शनिवारी तो दहालाच पोचला. हॉलबाहेर रांग होती, पण ती पाहून त्याच्या जिवाला लागलं. दहाची वेळ मिळालेले, साडेदहाचे, आणि वेळच न घेता आलेले, सगळे एकाच ओळीत. बारीक पाऊस. दारात टॅब घेऊन एक स्वयंसेविका उभी होती, तिला काही सुधरत नव्हतं.

"दहावाले भिंतीकडून!" डेस्मंडचा आवाज आपोआप चढला. "साडेदहावाले इकडे, कुंपणाला धरून! मॅडम, तुमची वेळ काय? अकरा? मग आत्ता छत्री उघडायची घाई कशाला, आधी चहा घेऊन या."

लोकांना हायसं वाटलं. कुणीतरी हुकूम सोडतं आहे म्हटल्यावर हा दवाखान्याचाच माणूस, असं सगळ्यांनी धरलं. स्वयंसेविकेनं कृतज्ञतेनं त्याला एक पिवळं जाकीट आणून दिलं. जाकीट अंगावर चढताच डेस्मंड दहा वर्षांनी तरुण झाला, म्हणजे लसीच्या हिशेबात आणखीच अपात्र. मध्ये घुसणाऱ्या एका गृहस्थांना त्यानं शेवटी पाठवलं. ते गावचे बँक मॅनेजर होते. अकरावाले गेले, साडेअकरावाले गेले. पाऊस वाढला तशी बिनवेळेची माणसंही त्यानं दयेपोटी आत सोडली. आपल्यालाही आत जायचं आहे हे त्याला आठवलं तेव्हा दाराशी दोघंच उरले होते: तो, आणि काठी टेकत आलेले एक आजोबा.

आतून नर्सनं हाक मारली, "शेवटची एकच राहिली हो!"

आता ओकनथॉर्पमध्ये दारापाशी दोन माणसं आली, की जे होतं तेच झालं.

"आधी तुम्ही," डेस्मंड म्हणाला.

"छे छे, तुम्ही आधी आलात."

"माझं काही नाही हो. मी ठणठणीत आहे."

"मला काही घाई नाही. मी आपला घरीच बसलेला असतो."

"अहो, भिजताय तुम्ही. मला नको, यांना द्या," डेस्मंड स्वयंसेविकेला म्हणाला. आता आजोबांनी आणखी एकदा नको म्हणायचं, मग आपण नाइलाजानं आत जायचं, असा त्याचा हिशेब होता. गावात असंच चालतं. तिसऱ्या नकारानंतर काय ते ठरतं.

"मोठे दयाळू आहात," आजोबा म्हणाले आणि आत गेले. ते गावाबाहेरचे निघाले. लंडनचे.

स्वयंसेविकेनं डेस्मंडच्या नावापुढे टॅबवर बोट टेकवलं आणि पिवळं जाकीट परत मागितलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता त्यानं फोन लावला. नंबर एकतिसावा होता.

"तुम्ही लस नाकारलीत," ग्लेनिस म्हणाली.

"नाकारली? मी त्या आजोबांना पुढे जाऊ दिलं! सौजन्य दाखवलं!"

"सौजन्याचा रकाना नाही, मिस्टर थ्वेट. घेतली, आले नाहीत आणि नाकारली, एवढेच आहेत. तुम्ही आला होतात, घेतली नाहीत."

"मग आता द्या ना."

"नाकारणाऱ्यांचं नाव आपोआप निघतं. आधी नर्सशी बोलावं लागेल. तुम्हाला भीती कशाची वाटते, सुईची की—"

"मला कशाचीच भीती वाटत नाही!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. जानेवारीच्या शेवटी एक वेळ आहे."

"त्या वेळेला लस मिळेल?"

"नाही. त्या वेळेला फक्त भीती घालवतात."

"बाई, तोवर फ्लू येऊन जाईल!"

"मग भीतीही गेलेली असेल," ग्लेनिस समजुतीनं म्हणाली. "पण एक करता येईल. शनिवारच्या नोंदी डॉक्टर येत्या सोमवारी तपासून बंद करतात. त्या आधी फोन आला, तर नाकारली हे मला खोडता येतं. सोमवारी सकाळी करा. आठला."

"आत्ता सोमवार सकाळच आहे."

"आत्ताच्या वेळा संपल्या."

तो आठवडा डेस्मंडनं कसाबसा काढला. शेजारचं काम थांबवायची सोय नव्हती, कारण देखभालीची नोंद तेवढी शाबूत होती आणि मिसेस ग्रीनहॅल्श खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यातच बेथनीला ब्रेंडाकडून सगळं कळलं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "टॅबवर बोट टेकवलं की झालं, डॅड. पास विसरला म्हणजे विसरला."

सोमवारी आठला डेस्मंड मिसेस ग्रीनहॅल्शच्या मागच्या अंगणात पानं गोळा करत होता. एका हातात दाताळं, दुसऱ्यात नेल्सनची साखळी, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये. बेथनी बाळाला घेऊन सकाळीच आली होती, आणि ब्रेंडाला दुकानात जायचं होतं म्हणून बाळासकट मिसेस ग्रीनहॅल्शकडे येऊन बसली होती. खिडकीच्या आत मिसेस ग्रीनहॅल्शनी ऑटिलीला छातीशी धरलं होतं. त्यांची लस सप्टेंबरातच झाली होती. कप न उचलवणाऱ्या बाईंना बाळ मात्र अजिबात जड वाटत नव्हतं. त्यांनी काचेवर टिचकी मारली आणि कोपऱ्यात राहिलेल्या पानांकडे बोट दाखवलं. मग बाळाचा चिमुकला हात धरून तोही त्याच दिशेला केला.

डेस्मंडनं कोपरा साफ केला.

"आपला नंबर पहिला आहे," यंत्रातली बाई म्हणाली, आणि लगेच ग्लेनिसचा आवाज आला. "हां, मिस्टर थ्वेट. खोडायचं ना? डॉक्टर यादी बंद करायलाच बसलेत, मी उघडूनच ठेवलंय." ती थांबली. "एक मिनिट हं. इथे काउंटरवर एक आजोबा आलेत, काठी टेकत. उभं राहवत नाहीये बिचाऱ्यांना. तुमची हरकत नसेल, तर आधी त्यांचं बघू का?"

खिडकीत ऑटिलीनं जांभई दिली. नेल्सननं साखळीला हिसडा दिला. डेस्मंडच्या ओठांवर, जन्मभराच्या सवयीनं, दोन शब्द आले.

ग्लेनिस वाट बघते आहे. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.