निंबाजीराव सरदारांचे वजन आणि म्हैस नामे बर्फगाडी

श्री. जो पर्वतास उभे करितो आणि हिमास त्याचे अंगावर निजवितो, ज्याचे तराजूस पासंग नाही, त्याचे चरणी मस्तक ठेवून हे वर्तमान लिहिले. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, पौष मास. नावाने जय, परंतु त्या साली जय कोणाचे दारी उतरला ऐसे ऐकिवात नाही. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य लहान, दुःख मोठे, नाव घेतले तर दोन्ही ओशाळतील.

त्या राज्याचे उत्तरेस हिमाचा घाट आणि घाटमाथ्यापलीकडे मेट, म्हणजे पहाऱ्याची चौकी. मेटावरील लोकांनी रोज सकाळी धूर करावा आणि राजधानीतून तो पाहावा, ऐसा पूर्वापार शिरस्ता. एक धूर तर सर्व कुशल. दोन धूर तर मेटाचा नाईक आजारी, कुमक धाडावी. तीन धूर तर नाईक गेला, आता घाई करू नये. मेटावर निंबाजीराव सरदारांचे धाकटे बंधू रंगोजी, दोघे शिपाई घेऊन नाईक म्हणून राहात. निंबाजीराव रोज सकाळी सज्जात उभे राहून तो एक धूर पाहात आणि मग तोंड धूत. आई लहानपणी वारली, तेव्हा रंगोजीस त्यांनीच पाठुंगळी घेऊन वाढविले होते. पाठीवरील ते ओझे उतरले तरी पाठ त्याची आठवण धरून होती.

पौष वद्य पंचमीस दोन धूर दिसले. षष्ठीसही दोन. निंबाजीरावांनी तोंड धुतले नाही. वैद्यबोवांकडून काढ्याच्या पुड्या आणि विलायती गोळ्या घेतल्या, घोंगड्या बांधिल्या आणि दिवाणांकडे गेले. ते समयी महाराज शिकारीस पूर्वेकडे गेलेले, आणि राज्यातील जितके म्हणून बर्फावरचे पट्टीचे स्वार, तितके महाराजांबरोबर गेलेले. घोडा त्या हिमात पोटापर्यंत रुततो, म्हणून पागेत घोड्यांचे जागी बर्फगाड्या, ज्यांस साहेब लोक स्नोमोबाईल म्हणतात, त्या ठेविल्या होत्या. पुढे दोन पाती घसरावयास, मागे दातेरी पट्टा हिम उपसावयास, उजव्या अंगठ्याखाली कळ; दाबली की गाडी धावे, सोडली की थांबे. पागेत दोनच उरल्या होत्या. एक लाल, तिचे नाव वीज. दुसरी करडी, लांब, बसकी. तिचे नाव लोकांनी थट्टेने म्हैस ठेविले होते.

दिवाण त्र्यंबकपंत बोलिले, "सरदार, आपला देह थोर, तर गाडीही थोर पाहिजे. वीज न्यावी. दीडशे घोड्यांचे बळ आहे तिच्यात." भोवतालच्या मंडळींनी माना डोलविल्या. परंतु पागेचा मिस्त्री गेनू, ज्याचा उजवा अंगठा पट्ट्यात सापडून गेला होता आणि जो त्यामुळे स्वतः गाडी चालवू शकत नव्हता, तो हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "पंत, घोडी दीडशे हायेत, पर लगाम एकच, आन् सरकारांनी गाडी किती येळा चालवलीया?"

निंबाजीराव म्हणाले, "तीनदा. अंगणात."

"मग वीज नगं. ती अरुंद हाय, पोरासोरांच्या अंगाची. जाणत्यानं नुसतं अंग कलवलं की वळती, आन् अजाणत्यानं अंग कलवलं की उलथती. म्हैस न्या. पट्टा लांब, म्हंजी जड मानूस हिमावर तरंगतं. पाय ठेवायची फळी रुंद. बळ मध्यम. चूक केली तर लगीच मारत न्हाई, आधी हंबरती."

मंडळीत कोणी हळूच बोलिले, "सरदार म्हशीवर. बरे झाले रेडा नव्हे. नाहीतर घाटातले लोक म्हणतील, यमराज आले." मग हसू पिकले. निंबाजीरावांचे कान तापले. लहानपणापासून त्यांचे देहाची थट्टा अशी अदबीने, पदर घेऊन येई, आणि ते तिला मुजरा करून वाट देत. परंतु त्या क्षणी त्यांस पाठीवरचा रंगोजी आठवला, मान खांद्यावर टाकून झोपलेला, तोंडातली लाळ गळ्यात ओघळणारी. आणि ते म्हणाले, "म्हैसच काढा."

हे बहुत मोठे झाले. खरे सांगावे तर त्या राज्यात दहा वर्षांत इतके शहाणपण कोणी केले नव्हते. पर्वताएवढा अभिमान माणसाने गिळावा आणि मग काटा घशात अडकावा, ऐसे पुढे घडले.

गेनूने म्हशीचे पाठीमागील स्प्रिंग उघडे केले, पाना हाती घेतला आणि विचारिले, "सरकार, वजन सांगा."

मंडळी चपापली. कारण त्या राज्याचा रिवाज ऐसा की, सरदाराची तुला एकदाच, लग्नाचे दिवशी, गुळाने होई. तो आकडा दप्तरात चढे, दर दसऱ्यास भालदार तोच पुकारी, आणि पुन्हा त्या माणसास काट्यावर कोणी चढवीत नसे. मोजले की घटते, आयुष्यही घटते, ऐसी लोकांची समजूत. निंबाजीरावांचा आकडा अडीच मण. त्यास वीस वर्षे झाली होती. त्र्यंबकपंतांनी दप्तर न उघडताच सांगितले, "अडीच मण. राज्यास ठाऊक आहे."

गेनू म्हणाला, "राज्याला ठावं आसंल. स्प्रिंगला खरं लागतं. कमी धरलं तर बूड बसतंय, पाती वर उचलत्यात, आन् चढावर गाडी फुडं जायचं सोडून खाली खणती. सरकार, गाडीला लाज नसती. पलीकडं धान्याचा काटा हाय, दोन पावलं."

आता निंबाजीरावांस स्वतःस तरी खरे कुठे ठाऊक होते? त्यांची स्त्री आवडाबाई, बहुत मायेची. वीस वर्षे दर दिवाळीस ती त्यांचे अंगरखे उसवी, बगलेत त्रिकोणी कापडाची एक एक कळी चोरून घाली आणि पुन्हा शिवून घडी करून ठेवी, आणि सरदार अंगरखा घालून म्हणत, "पाहा, लग्नातला अजून बसतो." ती म्हणे, "बसणारच. तुमच्यात काय बदललंय?" पदराआड हसे आणि सुई टोचलेले बोट चोखी. ऐसी माया दप्तराहून वाईट. दप्तर निदान उघडून पाहता येते.

तरी देह आपले काहीतरी सांगत असतोच. जिना चढताना सांगतो, खाली वाकताना सांगतो. निंबाजीरावांनी काट्याकडे पाहिले. काट्यापाशी दिवाण, मंडळी, भालदार उभे. दोन पावले. ते म्हणाले, "अडीच धर. थोडे वर असेल."

"किती वर?"

"थोडे."

गेनूने त्यांचेकडे पाहिले, मग पोटाकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. आणि तो हुकमाचा ताबेदार, म्हणून अडीचावर पाच शेर धरून पाना फिरविला. फिरविताना म्हणाला, "गाडी रुतली तर कळ दाबू नका, सरकार. उतरा, हिम तुडवा, मग ओढा. दाबाल तितकी कबर खोल." निंबाजीराव हो म्हणाले.

आवडाबाई वेशीपर्यंत आली. तिने भाकरीची शिदोरी दिली आणि अंगरख्याची बगल उगाच चाचपून पाहिली. म्हणाली, "भावजींना सांगा, उन्हाळ्यात यायचंय, म्हणावं. आंबोशी ठेवलीय." मग म्हैस हंबरली आणि निघाली.

सपाटीवर बरे गेले. दोन कोस हिम जणू कांडलेले पीठ, आणि वर ऊन, आणि निंबाजीरावांस वाटले की हे आपणास जमते, उगाच भ्यालो. तो घाटाची चढण लागली. गाडीचे बूड बसले, पुढची पाती हिमावरून उचलली, आणि मूठ वळविली तरी गाडी वळेना. आंधळ्या जनावरासारखी ओढ्याचे खळग्याकडे चालली. रुतली. तेथे गेनूचा बोल आठवावा, तर भीतीने बोल पळून गेला आणि अंगठा राहिला. त्यांनी कळ दाबिली. पट्ट्याने हिम उपसले आणि म्हैस हातभर खाली गेली. आणखी दाबिली. कमरेएवढी गेली. मग उतरले, तुडविले, ओढिले, खांदा दिला, आणि ज्या देहाने गाडी बुडविली तो देह तिला काढण्यास मात्र पुरेना. पुढे पायी जावे तर हिम छातीएवढे. सगळा दिवस गेला. तिन्हीसांजेस जवळच्या मेंढपाळांचे ओस दगडी खोपटात शिरले, काढ्याच्या पुड्या छातीशी धरून बसले. सकाळ होताच पुन्हा ओढू लागले.

तेव्हा डोके वर केले. माथ्यापलीकडे, निळ्या स्वच्छ आभाळात, धूर. एक. दोन. हात दोरीवरच होते. तिसरा बारीक होता, वाऱ्याने वाकला, पुन्हा सरळ झाला.

निंबाजीराव रडले नाहीत. दोरी नीट गुंडाळून म्हशीवर ठेविली, जणू ती आता कोणाच्या तरी उपयोगी पडणार होती, आणि पट्ट्याने दाबलेल्या वाटेने पायी मागे फिरले. दुपार कलता बाजारात आले. धान्याचे काट्यावर जाऊन उभे राहिले, एका पारड्यात. अडत्याने घाबरून हात जोडले, म्हणाला, "सरकार, उतरा, रिवाज नाही." ते म्हणाले, "वजने टाक." तो टाकीत गेला. अडीच मण झाले, काटा हलला नाही. तीन झाले. साडेतीनावर काटा सरळ झाला. बाजार उभा होता. निंबाजीराव म्हणाले, "भालदार, पुकारा." भालदार मागे सरला, म्हणून त्यांनी स्वतःच पुकारिले, "साडेतीन मण." आवाज साधा होता, भाजीचा भाव विचारावा तैसा.

मग गेनू दहा माणसे घेऊन गेला, म्हैस उपसून आणिली आणि साडेतीनावर पाना फिरविला. अष्टमीस निंबाजीराव पुन्हा निघाले, भावास आणावयास. तीच गाडी, तोच स्वार, तोच घाट. पाती हिमास चिकटून राहिली, पट्टा वर उचलीत गेला, खळगा डावीकडे राहिला, आणि सूर्य दोन कासरे वर येण्याआत म्हैस माथ्यावर उभी होती. इतके सोपे होते. निंबाजीराव गाडीवरून उतरले आणि जी गोष्ट तीन धुरांनी झाली नव्हती ती तेव्हा झाली. ते हिमात गुडघे टेकून बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाहीत.

परतताना रंगोजी पाठीमागे घोंगडीत बांधलेला होता. त्याचे वजन धरून गेनूने स्प्रिंगास आणखी दोन फेरे दिले होते. ते त्याने कोणास न विचारता केले.

आवडाबाईने त्यानंतर अंगरखा उसविला नाही. जाते ओढताना ती एक ओवी म्हणे, ती शेजारच्या बायांनी ऐकली, म्हणून येथे उतरविली:

कळी मी घातिली, दिसू न दिली कुणाला,
माझ्याच सुईने, शिविले की गं मरणाला.

तात्पर्य, त्या राज्यात बर्फगाडी बरी निवडली गेली, मिस्त्री जाणता होता, स्वार भाबडा पण भला होता, आणि सर्वांची एकमेकांवर माया होती. एक आकडा तेवढा कोणी कोणास सांगितला नाही. पुढील दसऱ्यास भालदाराने दप्तर उघडून निंबाजीराव सरदारांचे वजन रिवाजाप्रमाणे पुकारिले. अडीच मण.