डिंभे ते जुन्नर, उघड्या कुलुपांची मोहीम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, जुन्नर प्रांती राजमान्य साधनाबाई खानावळवाल्या यांची फत्ते जाहली आणि सयाजीराव जीपवाले दुपारपर्यंत उपाशी राहिले. हे वाक्य वाचणारांनी वाचलेच नाही ऐसे समजावे, कारण फत्ते शेवटी लिहावयाची असते आणि लिहिणारास दम निघाला नाही. तर मुळापासून.

जुन्नर कसब्यात धरमचंद शेठ कापडवाले यांची कन्या रीना हिचा साखरपुडा नेमिला आणि पंगतीस मासवडी, म्हणजे नावापुरतीच मासा ऐसी सारणाची बेसनवडी, पाहिजे ऐसा हुकूम जाहला, परंतु घर जैन, सबब कांदा नाही, लसूण नाही आणि चव मात्र जशीच्या तशी. साधनाबाईंनी भरल्या दुकानात विडा उचलिला आणि मग घरी करून पाहिली तो सारण भुशासारखे. शेठजींनी निर्वाणीचे कळविले की शनिवारी वानगी पसंत न पडल्यास पंगत घोडेगावच्या खानावळीस जाईल. तैसे होते तर बाईंस जुन्नरात तोंड दाखविणे मुश्कील.

बिनलसणाची विद्या पृथ्वीतलावर एकट्या अंबाबाई मावशीस, मुक्काम डिंभे. फोन करावा तर मावशी ऐशा बोलत की धरणापलीकडील माणसे उत्तर देत. खलिता धाडावा तर वडाप जीप एकच, सयाजीरावांची, आणि घोडेगावची खानावळवाली ही त्यांची सख्खी मेहुणी. वाटेत प्रत्येक पिशवी उघडून हुंगणे हा सयाजीराव आपला वतनी हक्क समजत.

प्रथम बाईंनी कुलपी डबा योजिला, एका कुलपास दोन चाव्या, पैकी एक मावशीस धाडिली. परंतु धाडिली ती सयाजीरावांच्याच हाती. चावीस साबणाचा वास येताच मावशीने ताडिले की वाटेत हिचा ठसा घेऊन नक्कल जाहली.

मग बाईंनी अजब तजवीज काढिली. दाबताच मिटणारी सहा कुलुपे उघडीच डिंभ्यास धाडून भागू चहावाले यांच्या टपरीत खिळ्यास टांगविली आणि फर्मान सोडिले की ज्यास मजकडे गुप्त काही धाडणे असेल त्याने खुशाल एक कुलूप घेऊन डब्यास दाबावे. सहांची चावी एकच, ती माझ्या कमरेस, ती कोठेही जाणार नाही. गाव हसले. गुपिताचे कुलूप चव्हाट्यावर टांगणारी लई शानी बाय, ऐसा शेरा पडला.

मावशीने टपरीत येऊन कृतीची चिठ्ठी डब्यात घातली, कुलूप दाबिले आणि मग स्मरले की हिंग लिहावयाचा राहिला.

"भागू, उघड रं."

"न्हाय उघडत, मावशे. लावायला समदं गाव, उघडायला एकटी साधना."

"आरं, मीच लावलं की आत्ता."

"म्हून काय झालं? आता तुमी बी परक्या."

मावशीने भागूची सात पिढ्यांची हजेरी घेतली आणि मग दुसरी चिठ्ठी, दुसरा डबा, दुसरे कुलूप ऐसा सरंजाम केला.

सयाजीरावांनी वाटेत जीप थांबवून डबे हलविले, कानास लाविले, नकली चावी घालून पाहिली, शिकस्त खाल्ली. तथापि मुत्सद्दी पुरुष. कुलुपाचे पोट कळावे म्हणोन निघतानाच खिळ्यावरील एक कुलूप खिशात टाकिले होते. ते आता काढिले आणि परीक्षेकरिता स्वतःच्या भाकरीच्या डब्यास अडकवून दाबिले. खट आवाज जाहला. पिठले आणि दोन भाकरी साधनाबाईंच्या अमलाखाली गेल्या.

दोन प्रहरी सयाजीराव तीन डबे घेऊन खानावळीत उभे राहिले.

"हा तिसरा कुणाचा, भाऊ?"

"माझा."

"कुणाला धाडलाय?"

"मलाच. भूक लागलीय, ताई."

"बसा की राव. आलेत त्या नंबरानं उघडते."

पहिल्यात निघाले: लसणाच्या जागी भाजलेले कारळे, अंदाजाने. दुसऱ्यात: हिंग, तोही अंदाजाने. म्हणजे डबा फुटता तरी मजकूर फुटता ना. बाईंनी दोन घाणे बिघडविले आणि तिसरा साधला, मग सयाजीरावांचा डबा उघडिला.

शनिवारी शेठजींनी एक मासवडी खाल्ली, मग दुसरी, मग चेहरा गंभीर करून पुसिले, "बाई, खरं सांगा, लसूण नाही ना?" आणि हेच तीन वेळा पुसिले. तिसऱ्या वेळेस पंगत बाईंस बहाल जाहली. येणेप्रमाणे फत्ते दप्तरी दाखल केली असे.

सबब वजनमापे खात्याच्या हुजुरांस अर्ज जे, "अंदाज" या मापाचा शिक्कामोर्तब चमचा सात दिवसांत तयार करवून त्याची एक प्रत डिंभे मुक्कामी मावशीच्या हाताशी ताडून घ्यावी, आणि फरक आढळल्यास चमचा दुरुस्त करावा, मावशीस सांगू नये, हे विनंती.