आधी बेरीज, मग पडदा

मला येत असलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. येत नसलेली तर मी जास्तच मनापासून शिकवतो, असं बायकोचं म्हणणं आहे. तेव्हा शाळेची राहिलेली परीक्षा या वयात बाहेरून द्यायची म्हणून सासूबाई आमच्याकडे मुक्कामाला आल्या, त्याच दिवशी मी जाहीर करून टाकलं की आई, गणिताचं माझ्यावर सोडा, एका रविवारचं काम आहे!

रविवार उजाडला तो गडबडीतच. बायको पडदे शिवते. आजवर शेजारपाजारच्या दोन-चार खिडक्यांपलीकडे तिची मजल गेली नव्हती, आणि आता एकदम नव्या वाचनालयाचं काम हाती आलं होतं. बारा खिडक्या, सगळ्या एका मापाच्या, निळं कापड, मंगळवारी उद्घाटन. हे नीट पार पडलं तर पुढे मोठी कामं मिळतील, म्हणून ती आठवडाभर झोपेतसुद्धा टाके घालत होती. दुपारी दोरा आणि कड्या आणायला निघताना तिनं मला बजावलं, "कापड बेताचं आहे. मी आल्यावर कापीन. तुम्ही फक्त टेबल मोकळं करून ठेवा."

मी टेबल मोकळं केलं आणि शिकवणी सुरू केली. कंचेभागुबेव! कंस, चे, भागाकार, गुणाकार, मग बेरीज, वजाबाकी. सासूबाईंना नियम पाठ झाला, पण पटेना. दोन अधिक तीन गुणिले चार, यात बेरीज आधी येऊन उभी आहे, मग मागून आलेल्या गुणाकाराला पुढे का घ्यायचं, असा त्यांचा सवाल. रांगेत कुणी असं घुसलं तर त्या चार शब्द सुनावतात म्हणे. मी सांगितलं, दवाखान्यात सर्दीवाला कितीही आधी आलेला असो, डोकं फुटलेल्यालाच आत घेतात. हे मात्र त्यांना पटलं. पुढची गणितं त्यांनी धडाधड सोडवली आणि मला माझाच अभिमान वाटू लागला.

"आता व्यवहारातलं बघा," मी म्हणालो. बायकोनं लिहिलेलं माप समोरच होतं. खिडकीची उंची दीडशे सेंटीमीटर, वर आणि खाली दुमडायला दहा-दहा. मी कागदावर मांडलं: १५० + १० × २.

सासूबाई म्हणाल्या, "एकशे सत्तर."

मी खात्रीसाठी बायकोचा जुना कॅल्क्युलेटर ओढला आणि जसं लिहिलं तशीच ओळीनं बटणं दाबली. उत्तर आलं ३२०.

"चुकलात, आई."

"पण गुणाकार आधी ना? दहा दुणे वीस. तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं ते बरोबरच आहे. पण मशीन कशाला खोटं बोलेल?"

वाचकहो, खिडकी दीडशेची आणि पडदा तीनशे वीसचा! शंका मलाही आली. पण पडद्याला चुण्या पडतात, चुण्यांना कापड जास्त लागतं, अशी मी माझी समजूत घातली. चुण्या रुंदीला पडतात, हे मला संध्याकाळी कळलं.

सासूबाईंनी वही मिटली. "राहू द्या. या वयात नाही झेपायचं मला," म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. मला फार वाईट वाटलं. घरातलं निदान एक माणूस तरी खूश व्हावं, म्हणून मी कात्री घेतली.

सहा पडदे झाले आणि कापड संपलं! बायको आली तेव्हा मी तिला दारातच सांगितलं की कापडवाल्यानं फसवलं, निम्मंच कापड दिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं फोनवर त्याला असं काही झापलं की तो गिऱ्हाइकं सोडून, आपला कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन तडक घरी आला. आल्या आल्या त्यानं एका पडद्याची घडी उलगडली. पडदा टेबलावरून उतरला, खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात पोचला.

"ताई, हा खिडकीचा आहे की नाटकाचा?" त्यानं विचारलं.

बायको मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी पडदा पाहिला, मग माझा कागद पाहिला.

"दीडशे आणि दहा एकशे साठ, त्याची दुप्पट तीनशे वीस. जावईबापू, तुमच्या मशीननं बेरीज आधी केली." मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझंच बरोबर होतं."

वही पुन्हा उघडली गेली. प्रत्येक पडदा मधोमध कापला तर एकशे साठचे बारा तुकडे. प्रत्येकी दहा कमी. मूळ कापड दोन हजार चाळीस, सहा पडद्यांत गेलं एकोणीसशे वीस, उरलं एकशे वीस. बारा खिडक्यांना दहा-दहाची पट्टी खाली जोडली की झालं! बायको डोळे पुसून उठली.

"अहो, तो उरलेला तुकडा कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. कापडवालासुद्धा.

त्या तुकड्याची मी फडकी केली होती. वाया जाऊ नये म्हणून! त्यातल्या एकानं टेबल पुसलं होतं आणि बाकीच्यांनी सायकलची साखळी. त्या निळ्या ताग्यात आता इंचभरही शिल्लक नाही, असं कापडवाल्यानं सांगितलं. बायको स्टुलावर चढली आणि आमच्या बैठकीच्या खोलीतले पिवळे पडदे, तिनं हौसेनं शिवलेले, एकेक करून उतरवले.

मंगळवारी वाचनालयात निळ्या पडद्यांची पिवळी किनार लोक हात लावून बघत होते. ग्रंथपालबाईंनी कौतुकानं विचारलं, ही कल्पना कुणाची? मी तोंड उघडलं, बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी ते मिटलं. तिथेच एका दवाखान्याचं काम मिळालं, किनारीसकट.

आता धंद्याचे सगळे हिशेब सासूबाई करतात, पेन्सिलनं. बैठकीच्या खिडक्या अजून उघड्याच आहेत आणि चहा पिताना रस्त्यावरून जाणारे लोक मला हात करतात. पण मी धंद्याच्या बाहेर आहे, असं मात्र समजू नका. माप घ्यायला आम्ही तिघं जातो. टेपचं एक टोक माझ्याच हातात असतं.

शून्याकडचं.