सामनेवाला यांस

जेवणाच्या टेबलावरचे पाकीट गायब झाले, तेव्हा साडेदहा वाजले होते. बाराच्या आत ते कॉलेजात द्यायचे होते. पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाच्या, प्रमाणपत्रासाठी सूनबाईंनी वर्षभर अभ्यास केला होता. नोटिशीचा हा शेवटचा स्वाध्याय दिला, की एका वकीलबाईंच्या कचेरीतली नोकरी पक्की.

"बाबा, इथलं पाकीट पाहिलंत?"

दारापाशी निळ्या पायाच्या उंच स्टुलावर बसून सासरे पेपर वाचत होते. "पाहिलं काय, पोचतं केलं! वर लिहिलं होतंस ना, 'सामनेवाला यांस'? दिलं समोरच्या दारात."

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, कायद्यात सामनेवाला म्हणजे विरुद्ध बाजूचा माणूस! आणि हा तर नुसता कागदावरचा!"

"मला वाटलं, शेजारी म्हणून नाव टाळलंस."

सूनबाई चपला घालतात तोच दारात समोरचे काका हजर. काका घड्याळे दुरुस्त करत. आत्ता मात्र त्यांच्या काखेत छत्री, खांद्यावर वायरचे वेटोळे, एका हातात मिक्सरचे भांडे आणि दुसऱ्यात नोटीस होती.

"'नेलेली वस्तू सात दिवसांत परत करावी, अन्यथा कारवाई!'" काकांचा आवाज दुखावलेला होता. "तीस वर्षांचा शेजार, सूनबाई! तोंडानं मागायचं होतंस. बरं, वस्तू कोणती तेही लिहिलं नाहीस. म्हणून सापडलं तेवढं सगळं आणलं."

"काका, तो माझा अभ्यास आहे हो! खरी नोटीस नाही."

"असं होय?" काकांचा चेहरा उजळला. "मग भांडं परत नेऊ?"

"भांडं राहू द्या," सूनबाई घाईने म्हणाल्या. दोन वर्षे त्या ते शोधत होत्या.

पण काकांचे म्हणणे त्यांना पटले. वस्तूचे वर्णन नाही, म्हणजे गुण गेलेच असते. त्यांनी तिथेच उभ्याने नोटिशीत भर घातली : 'मिक्सरचे भांडे, झाकणासह.'

"झाकण हरवलंय," काका पुटपुटले.

"म्हणूनच लिहिलं. आता पोच म्हणून इथे सही करा."

"करतो. पण मलाही तसंच कायदेशीर उत्तर लिहून दे. माझीही एक वस्तू तुमच्याकडे आहे."

"वर्णन सांगा. मुदत सात दिवसांचीच टाकते."

काका कानाशी वाकून कुजबुजले. सूनबाईंनी एकदा दाराकडे पाहिले, हसू दाबले आणि लिहून दिले. एक प्रत त्यांना, एक पाकिटात.

बाराला पाच कमी असताना पाकीट कॉलेजच्या बाईंच्या हातात पडले. बाईंनी आतले कागद उलटून पालटून वाचले. "नोटीस सगळ्यांनीच आणली. पोच आणि उत्तर फक्त तुम्ही. सामनेवाला अगदी खरा वाटतो हो! प्रमाणपत्र सोमवारी घेऊन जा."

सूनबाई घरी परतल्या, तर सासरे दारापाशी उभ्यानेच पेपर वाचत होते. समोरच्या दारात काका निळ्या पायाच्या स्टुलावर ऐटीत बसले होते.

"सूनबाई, उत्तरात मुदत किती दिवसांची होती गं?"

"सात दिवसांची, बाबा."

"मग यानं आजच कसं नेलं?"

"हरकत घेता येईल," सूनबाईंनी पेन उघडले. "फक्त या वेळी पाकीट मी पोचवीन."