बिनचाकाची गाडी

"यंदा गुंडप्पाला जागचा हलवला न्हाई, तर मिशी काढून टाकीन!"

पतसंस्थेतल्या सगळ्यांसमोर टेबलावर मूठ आपटून विरूपाक्षनं हे जाहीर केलं आणि तिथंच त्याचे ग्रह फिरले. गुंडप्पा म्हणजे त्याचा थोरला मेहुणा. निलंग्याजवळच्या सासरवाडीला चैत्रात जत्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी रस्सीखेच होते. एका बाजूला गावचे जावई, दुसऱ्या बाजूला मेहुणे! गेल्या वर्षी मेहुण्यांनी जावयांना पार रेवडीच्या दुकानात ओढत नेलं होतं. दोराच्या शेवटी विरूपाक्ष होता आणि भर जत्रेत त्याची पँट मागून उसवली. वर्ष झालं, तरी सासरवाडीची पोरं त्याला बघून तोंडावर हात धरायची. आता जावयाचा मान राखायचा, तर ताकद कमवणं भाग होतं.

उपाय मोबाइलवर सापडला. स्लेड! लोखंडी घसरगाडी, तिच्यावर वजनं ठेवायची, कंबरेला पट्टा बांधायचा आणि ओढत सुटायचं. घरच्या घरी जिम! पहिली स्लेड त्याला पसंत पडली, पण त्या पैशात शिंगांसकट बैल आला असता. दुसरी स्वस्त होती, तर वजनं वेगळी घ्या म्हणे. तिसरी परवडणारी, वजनांसकट आणि देखणी. पण ती फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी पोचत होती, उदगीरला नाही.

"थांब की जरा," शेजारचे लिंबाजीराव म्हणाले. "उदगीर जिल्हा होणारच हाय. मग घरपोच येईल."

"तवर माझी नातवंडं ओढतील ती!"

शेवटी तो मकबूलचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. चाचांची सारी हयात हातगाडे बनवण्यात गेलेली. त्यांनी मोबाइलवरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"चाकं कुठं हाईत?"

"चाकं नसतात, चाचा."

"नसतात म्हंजे? ओढायची चीज हाय ना?"

"हाव. पण ती जड जायला पायजे. तेच तर काम हाय तिचं!"

चाचांनी चष्मा काढला. "बेटा, घरी सब खैरियत हाय ना?"

चार-सहा दिवसांनी गाडी तयार झाली. हिरवा रंग, ओढायला पट्टा आणि खाली चार चाकं!

"चाकाचे पैसे घेतले न्हाई," चाचा कौतुकानं म्हणाले. "लई वजन ओढणार म्हणलास, म्हणून बेअरिंग बी भारीतलं टाकलं."

विरूपाक्षचा पाय नुसता लागला, तर गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या पानटपरीवर जाऊन धडकली! त्यानं कपाळ बडवून घेतलं. तिथल्या तिथं चाकं काढायला लावली. "माझ्या दुकानातून गेली म्हणून सांगू नको कुणाला," चाचा खिन्नपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीचं पोतं टाकून विरूपाक्षनं गल्लीत पहिली फेरी सुरू केली.

"बैलं चारा छावणीला गेले अन् ह्यो औताला लागला!" लिंबाजीराव ओरडले. गल्ली खो खो हसली. विरूपाक्षला आला राग, रागात मारला हिसका आणि कंबरेत अशी उसण भरली, की पठ्ठ्याला उचलून बाजेवर टाकावं लागलं.

इकडं दुष्काळानं नळ कधीच कोरडे पडले होते. टँकर लांब चौकात थांबायचा आणि बाया डोक्यावर पाणी आणायच्या. विरूपाक्षच्या बायकोनं, गौरम्मानं, रिकामी पडलेली स्लेड पाहिली, पदर खोचला, पट्टा कंबरेला बांधला आणि झाकणाचे कॅन भरून ओढत घरी आणले.

"अगं, ती माझ्या व्यायामाची हाय!" विरूपाक्ष बाजेवरून किंचाळला.

"हाव की. तुम्ही करा व्यायाम, मी पाणी आणायलेय." ती घाम पुसत म्हणाली. "पण लई जड जातीय हो. चाचांकडनं चाकं तरी लावून आणा."

"चाकं? अजिबात न्हाई! जड जाण्यातच फायदा हाय!"

मग ती शेजारच्या जन्नतबीचेही कॅन आणू लागली. पुढं सगळ्या गल्लीचे. विरूपाक्षची कंबर सुटली, तरी स्लेड काही सुटेना! मागायला गेला, की टँकर आलेला. मग तो खुर्चीत बसून ओढण्याच्या योग्य पद्धतीचे व्हिडिओ बघायचा आणि चिडायचा.

जत्रा आली. पद्धत सगळी पाठ होती, दोराला मात्र त्याचा पत्ता नव्हता. गुंडप्पानं पहिला झटका दिला आणि जावई रेवडीच्या दुकानाकडं निघाले! विरूपाक्षला पँटची शिवण कुरकुरताना ऐकू आली. गेल्या वर्षीचं हसू गौरम्माच्याही जिवाला लागलं होतं. तिनं पदर खोचला आणि नवऱ्याच्या मागं येऊन दोर धरला.

"गौरे, तू आमची का त्यांची?" गुंडप्पा ओरडला.

एवढं बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात सगळे मेहुणे स्लेडवरच्या कॅनांसारखे ओळीनं सरकत रेघेच्या अलीकडं आले! जत्रा नाचू लागली. पंच मानाचा फेटा घेऊन आले. विरूपाक्षनं अदबीनं मान वाकवली. पंच त्याला वळसा घालून गौरम्माकडं गेले.

"पुढच्या साली तू माहेरकडून वढायचं!" गुंडप्पा धापा टाकत म्हणाला.

"येते की, अण्णा," गौरम्मा म्हणाली. विरूपाक्षचा हात आपोआप मिशीवर गेला.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला. गौरम्मानं पट्टा नवऱ्यापुढं धरला.

"आता तुम्ही. जड जाण्यातच फायदा हाय."

एकाच खेपेत विरूपाक्षच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. संध्याकाळी इकडंतिकडं बघत, तोंडाला रुमाल बांधून तो मकबूलचाचांकडं गेला.

"चाचा, ते... काढलेले चाकं हाईत का?"

"हाईत की! जपून ठेवले."

विरूपाक्षला चाचांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पण देता येत न्हाई बेटा," चाचा म्हणाले. "गौरम्मा सकाळीच सांगून गेली. मालक रुमाल बांधून येतील, चाकं मागतील, देऊ नका."